बीटी कपाशीत तगलेली अळी : नैसर्गिक निवडीचं एक प्रकरण

२०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातली कपाशी बांधावरून पाहणाऱ्याला चांगलीच दिसत होती. झाडं उंच, हिरवी, बोंडांनी लदलेली. वेचणीला माणसं उतरली तेव्हा खरी परिस्थिती कळली. बोंडं नीट उमलत नव्हती. उमलली त्यांतला कापूस पिवळट, डागाळलेला, चिकटलेला. वेचणाऱ्याच्या हाती कवडी, म्हणजे न फुललेला कडक कापूस, येत होती. बंद बोंड फोडून पाहिलं की आत सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी. काही शेतकऱ्यांनी उभ्या पिकात जनावरं सोडली, काहींनी रोटाव्हेटर फिरवला. तक्रार अर्जांचे ढीग लागले आणि राज्य सरकारला मदत जाहीर करावी लागली.

हे पीक बीटी होतं, म्हणजे बोंडअळी मरावी म्हणूनच ज्याचं बियाणं घेतलं जातं ते. तेही एका जनुकाचं नाही, दोन जनुकांचं. मग त्यात अळी जगली कशी?

बनावट बियाणं, चुकीची फवारणी, बदललेलं हवामान अशी उत्तरं तेव्हा दिली गेली. काही शेतांपुरती ती खरीही असतील. पण तीन विभागांत एकाच हंगामात असं घडतं तेव्हा कारण मोठं असतं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या माणसाला नैसर्गिक निवड समजावून सांगायची असेल, तर गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांकडे जाण्याआधी या अळीकडे जावं. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वी कधीतरी झालेली गोष्ट, असं आपण शाळेत शिकून विसरून जातो. इथे ती पंधरा वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत झाली आणि तिची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली.

अळी कोण आणि विष कोणतं

गुलाबी बोंडअळी, काही भागांत सेंदरी बोंडअळी, ही आपल्याकडची जुनी रहिवासी आहे. गुजरातेत भडोचला कपाशीचं नुकसान करणाऱ्या नमुन्यांवरून १८४३ साली सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पतंग लहान, तपकिरी, रात्री उडणारा. मादी पात्यांवर (कपाशीच्या कळ्यांवर), फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि तिने पाडलेलं छिद्र बुजून जातं. त्यानंतर फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. सुरुवातीच्या अळ्या फुलाच्या पाकळ्या आतून एकमेकींना जखडतात, त्यामुळे फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखं राहतं. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात.

या अळीच्या दोन सवयी पुढच्या सगळ्या कथेला कारण आहेत. पहिली अशी की ती जवळपास फक्त कपाशीवर जगते; भेंडी-अंबाडीच्या कुळातल्या झाडांवर क्वचित सापडते, पण तिचं खरं अन्न सरकी. दुसरी अशी की हंगाम संपला की ती सरकीत, वाळक्या बोंडांत, पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या झाडांच्या, ढिगात सुप्तावस्थेत जाते आणि कित्येक महिने न खाता तग धरते.

आता विष. मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (यावरूनच ‘बीटी’) या जिवाणूत काही प्रथिनं असतात. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ती सक्रिय होतात, आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक ग्राही रेणूंना चिकटतात आणि पेशींना भोकं पाडतात. अळी खाणं सोडते आणि मरते. असं प्रथिन बनवणारं क्राय१एसी हे जनुक घातलेल्या कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरं जनुकही असलेली कपाशी आली. काही वर्षांतच महाराष्ट्रातली जवळपास सगळी कपाशी बीटी झाली. सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या खूप कमी झाल्या होत्या.

अळी शिकली नाही

‘अळीला बीटीची सवय झाली’ असं गावात सर्रास ऐकू येतं. कृषी मेळाव्यांतल्या भाषणांतही ऐकलं आहे. असं झालेलं नाही. बीटी बोंडात शिरलेली साधी अळी विष पचवायला शिकत नाही; ती मरते. मेलेली अळी पिलांना काही देऊन जात नाही. कोणतीही एक अळी आयुष्यात बदललेली नाही. बदललं ते अळ्यांच्या समूहातलं प्रमाण.

ग्राही रेणू बनवणाऱ्या जनुकात कधीकधी चूक होते. कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात अशी चूक झाली, तर क्राय१एसीला चिकटायला जागा नीट मिळत नाही. दुसऱ्या विषाच्या बाबतीत एबीसीए२ नावाच्या जनुकातली बिघडलेली रूपं सापडली आहेत. या चुका विष आल्यामुळे, विषावर उपाय म्हणून होत नाहीत. त्या आपोआप, कुठेही, कधीही होतात, आणि साध्या कपाशीच्या काळात अशा अळीला काडीचाही फायदा नव्हता. उलट थोडं नुकसानच असतं, कारण त्या रेणूचं पेशीत स्वतःचं काहीतरी काम असतं. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या अभ्यासांत अशा अळ्या साध्या कपाशीवर कमी जगतात आणि सुप्तावस्थेतून कमी संख्येने बाहेर येतात, असं दिसलं आहे.

म्हणजे बदललेलं जनुक आधीपासून, फार तुरळक, समूहात होतं. विष आल्यावर त्याची किंमत पालटली.

एक हिशेब करू. यातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, मोजलेले नाहीत. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. समजा दर हजार प्रतींत एक बदललेली आहे. मग दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता दहा लाखांत एक. एकच प्रत बदललेली असलेल्या अळ्या मात्र दहा लाखांत सुमारे दोन हजार. विषाची मात्रा पुरेशी असेल, तर ही दुसऱ्या प्रकारची अळीही मरते, कारण उरलेली चांगली प्रत विषाला जागा पुरवते. फक्त दोन्ही प्रती बदललेली अळी वाचते.

एखाद्या टापूत दहा कोटी अळ्या आहेत आणि सगळी कपाशी बीटी आहे. वाचल्या किती? शंभर. शेतकऱ्याला त्या दिसणारही नाहीत. त्याच्या लेखी पीक स्वच्छ आहे. पण त्या शंभरांचे पतंग झाल्यावर जोडीदार म्हणून त्यांना उपलब्ध कोण? तेच शंभर. म्हणजे पुढच्या पिढीत प्रत्येक पिल्लाच्या दोन्ही प्रती बदललेल्या. प्रत्यक्षात इतकं सरळ होत नाही, शंभर पतंग एकमेकांना सापडायलाही वेळ लागतो. पण दिशा हीच. महिना-सव्वा महिन्यात एक पिढी, हंगामात अनेक पिढ्या.

आता त्याच टापूत पाचवा हिस्सा साधी कपाशी असती तर? बीटीवरून ऐंशी वाचल्या असत्या आणि साध्या कपाशीवरून दोन कोटी. ऐंशींतल्या जवळपास प्रत्येकाचा जोडीदार त्या दोन कोटींतला असता. पिलांना बदललेली एकच प्रत मिळाली असती, आणि बीटी बोंडात शिरताच ती मेली असती. निवड तेव्हाही झाली असतीच, पण तिच्या हाती फार काही लागलं नसतं. कोण मरतं याच्याइतकंच, वाचलेल्याला जोडीदार कोण मिळतो यावर सगळं ठरतं.

हा हिशेब सरकारी समितीला माहीत होता. म्हणूनच बीटीला परवानगी देताना अट होती: भोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, जे जास्त असेल ते. याला आश्रय पीक म्हणायचं. शेतकऱ्यांच्या तोंडी ‘रेफ्युजी’. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं. ते बहुतेक वेळा पेरलंच गेलं नाही. बांधावर पडलं, फेकलं गेलं, किंवा नांग्या (न उगवलेल्या रोपांच्या जागा) भरायला वापरलं.

दोष शेतकऱ्यावर ढकलणं सोपं आहे, आणि ते बरोबर नाही. ज्याच्याकडे तीन एकर आहेत, त्याला पाचव्या हिश्श्यावर अळ्या पोसायला सांगायचं, त्याचा फायदा साऱ्या जिल्ह्याला आणि तोही दहा वर्षांनी, आणि त्याच्या नुकसानीची तजवीज कुणीच करायची नाही, ही अट कागदावरच राहणार होती. शिवाय छोट्या पाकिटातलं वाण पुष्कळदा वेगळंच असायचं. बीटीला पाती-बोंडं लागतात त्याच वेळी आश्रय पिकालाही लागली नाहीत, तर दोन्हीकडचे पतंग एकाच वेळी उडणारच नाहीत आणि आश्रयाचा हेतूच हुकतो.

बोंडाच्या आतला घोळ

इथवरचं बरंच ठिकाणी लिहिलं गेलं आहे. याहून कमी बोललं जाणारं, पण मला जास्त महत्त्वाचं वाटणारं कारण खुद्द बोंडात आहे.

जगात बहुतेक ठिकाणी बीटी जनुक सरळ वाणांत आहे, म्हणजे झाडात जनुकाच्या दोन्ही प्रती बीटीच्या, आणि त्याची सगळी सरकी बीटी. भारतात ते संकरित वाणांत आलं. संकरिताचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, त्यामुळे विक्रेत्याचा हक्क आपोआप सुरक्षित राहतो. व्यापाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. झाडाची पानं, पाती, बोंडाची साल यांत विष असतं; सरकी मात्र त्या झाडाची पुढची पिढी असते, आणि तिच्यात जनुकांची वाटणी होते. दोन जनुकांच्या वाणात दर सोळा सरकींपैकी सरासरी नऊंत दोन्ही विषं, तिनांत फक्त पहिलं, तिनांत फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही.

गुलाबी बोंडअळी खाते ती हीच सरकी. पान खाणाऱ्या अळीला झाडाची पूर्ण मात्रा मिळते. हिला एकाच बोंडात चार प्रकारचं अन्न मिळतं. एकच बदललेली प्रत असलेली अळी, जी पूर्ण मात्रेत मेली असती, ती निर्विष सरकीवर थोडी मोठी होते, आणि मोठी अळी लहान अळीपेक्षा जास्त विष सोसते. त्यात झाडाचं वय वाढेल तसं क्राय१एसीचं प्रमाण घटत जातं, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या अभ्यासात फार पूर्वीच दिसलं होतं. आणि गुलाबी बोंडअळी ही उत्तर हंगामातली कीड. मात्रा उतरलेली असते तेव्हाच तिच्या पिढ्या जोरात असतात.

वरच्या हिशेबाचा सगळा डोलारा ‘एकच प्रत असलेली अळी मरते’ या एका वाक्यावर उभा आहे. ती अळी जगू लागली की दहा लाखांतल्या एकाची वाट पाहावी लागत नाही. दोन हजार उमेदवार तयार असतात.

दोन जनुकांचं कवचही आपण असंच वाया घालवलं. दोन्ही विषं ताजी असताना एकत्र आली असती, तर दोन्हींना पुरून उरणारी अळी कल्पनेपलीकडे दुर्मीळ असती. पण एक जनुकाची कपाशी आधी चार वर्षं शेतात होती आणि नंतरही दोन जनुकांच्या कपाशीबरोबर पेरली जात राहिली. अळीला जिन्याची एकेक पायरी करून दिल्यासारखं झालं. २००८ मध्ये गुजरातच्या अमरेलीतून गोळा केलेल्या अळ्यांत क्राय१एसीला प्रतिकार आढळला. मार्च २०१० मध्ये बीटी जनुक आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीने अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत तो असल्याचं मान्य केलं. तिथे दोन जनुकांची कपाशी तेव्हापासून प्रत्यक्षात एकाच जनुकाची राहिली होती. पुढे गुजरातेतच दोन जनुकांच्या कपाशीवर अळी तगू लागली, आणि २०१७ मध्ये आपल्याकडे तिने हंगाम खाल्ला.

यात फरदडीनेही हात दिला. पाण्याची सोय असलेले शेतकरी डिसेंबरनंतरही एखादी वेचणी मिळावी म्हणून पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं ठेवत. विषाची मात्रा सगळ्यात कमी आणि अळीची संख्या सगळ्यात जास्त असण्याचा तो काळ. उन्हाळाभर पऱ्हाटी बांधावर रचलेली आणि जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग, म्हणजे निवडून आलेल्या अळ्या पुढच्या जूनपर्यंत सुखरूप.

दुसरी बोंडअळी का नाही सुटली

इथे कुणी रास्त शंका काढेल की हिरवी बोंडअळी, जिला आपण अमेरिकन बोंडअळीही म्हणतो, तीही याच कपाशीवर, याच पंधरा वर्षांत होती. बीटी आणली ती मुख्यतः तिच्यासाठीच. ती का नाही अशी उसळली?

कारण तिला तूर आवडते, हरभरा आवडतो, टोमॅटो चालतो, ज्वारीचं कणीसही चालतं. विदर्भात कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. या सगळ्या पिकांत बीटी नाही. तिथे दरवर्षी असंख्य साध्या अळ्या वाढतात आणि कपाशीवरून वाचलेल्या एखाद-दुसरीला जोडीदार पुरवतात. न पेरलेला आश्रय शेतकऱ्याच्या मिश्र पीकपद्धतीने आपोआप पेरला. गुलाबी बोंडअळीला कपाशीशिवाय जागा नव्हती, आणि कपाशी सगळी बीटी होती. एकाच शेतातल्या दोन अळ्या, विष तेच, काळ तोच, आणि निकाल वेगळे. निवड पाहायला याहून स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही जमला नसता.

ॲरिझोना आणि यांगत्सेचं खोरं

अमेरिकेतल्या ॲरिझोनात बीटी कपाशी १९९६ पासून आहे. तिथेही गुलाबी बोंडअळी होती, आणि चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे १९९७ मध्ये तिथल्या शेतांतल्या अळ्यांत बदललेल्या प्रतींचं प्रमाण शंभरात सुमारे सोळा निघालं होतं. माझ्या हिशेबातल्या हजारात एकपेक्षा कितीतरी जास्त. तरी प्रतिकार पसरला नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी आश्रय पीक मोठ्या प्रमाणावर खरोखर लावलं, वाण सरळ होतं, आणि बदललेल्या अळीला साध्या कपाशीवर जी किंमत मोजावी लागते तिनेही काम केलं. २००६ पासून तिथे प्रयोगशाळेत वाढवून वंध्य केलेले पतंग विमानातून अब्जावधींनी सोडले गेले. वाचलेल्या पतंगाला जोडीदार मिळे तो वंध्य. आश्रय पिकाचंच हे अधिक कडक रूप. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. विदर्भात ती हंगाम बुडवत होती त्याच्या पुढच्याच वर्षी.

चीनमधली गोष्ट मला याहूनही उद्बोधक वाटते. यांगत्से नदीच्या खोऱ्यातले शेतकरी बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराची दुसरी पिढी पेरू लागले, कारण ते बियाणं स्वस्त पडत होतं. त्यात चौथा हिस्सा झाडं पूर्णपणे बिगर-बीटी निघतात. कुणी सक्ती केली नव्हती, कुणी आश्रय म्हणून पेरत नव्हतं. तरी आधी वाढू लागलेला प्रतिकार नंतरच्या वर्षांत घटला. त्याही शेतात काही बोंडांत सरकीची सरमिसळ होतीच. पण पूर्ण निर्विष झाडं भरपूर असल्याने साध्या पतंगांचा पुरवठा आटला नाही.

आता काय होतं आहे

आपल्याकडे आता मुख्य भर अळीची संख्या रोखण्यावर आहे. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री दररोज आठ पतंग आले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं पोखरलेली दिसली की उपाय करायचे, डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या, फरदड घ्यायची नाही, डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाटी नष्ट करायची, जूनच्या आधी पेरायचं नाही. हे सगळं योग्य आहे आणि ज्या गावांनी एकत्र येऊन केलं तिथे फरक पडतो. कमी दिवसांची वाणं घेतली तर उत्तर हंगामातल्या पिढ्यांना जागाच राहत नाही; मला यातला हाच उपाय सगळ्यात टिकाऊ वाटतो. मात्र यातल्या कशानेही गेलेलं विष परत येत नाही. अळीची संख्या घटते, तिच्यातल्या बदललेल्या प्रतींचं प्रमाण घटत नाही.

बिगर-बीटी बियाणं आता वेगळ्या पाकिटात न देता बीटीच्या पाकिटातच मिसळून येतं, त्यामुळे ते पेरलं जातं हे खरं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे केलं असतं तर वेगळं घडलं असतं. आज त्या मोजक्या साध्या झाडांवर वाढणारी अळीही बहुतेक वेळा दोन्ही प्रती बदललेलीच असते, कारण ती आसपासच्याच पतंगांची संतती आहे. जोडीदार पुरवायला साधी अळीच उरलेली नाही. आणि अळी आता आपल्यापुरती राहिलेली नाही. उत्तर भारतातल्या कपाशीत ती अशी नव्हती. तिथे ती पोचली त्यामागे सरकीची लांबवरची वाहतूक आहे असं मानलं जातं, आणि २०२१ मध्ये पंजाबच्या भटिंडा, मानसा जिल्ह्यांत तिने मोठं नुकसान केलं. पंजाबात निवड पहिल्यापासून व्हायची गरज पडली नाही. गुजरात-महाराष्ट्रात निवडून झालेली अळीच तिथे गेली.

तिसरं जनुक आणा, अशी मागणी आता होते आहे. ते आणलं तर संकरितात आणायचं की सरळ वाणात, हे आधी ठरवावं लागेल. सरळ वाणात आणलं तर सरकीतली वाटणी टळेल आणि एकच प्रत असलेल्या अळीला पूर्ण मात्रा मिळेल. साध्या कपाशीचं क्षेत्र कुणी राखायचं आणि त्याला एकरी भरपाई कुणी द्यायची, हे बियाणं बाजारात येण्याआधी लिहून ठेवावं लागेल. नव्या विषाला हरवणारं बदललेलं जनुक कुठल्या तरी शेतातल्या अळीत आजही असेलच.